दोनाताचा सत्कार

दिवा,
२७ डिसेंबर १९९६

चि. उत्तरास,
काळुरामकाकाचे आशीर्वाद.

नौपाडा ते दिवा हे अंतर काही समुद्रापार नाही, तरी तुला इकडे फिरकायला सवड होत नाही. रवांडाहून माणूस येऊन आमच्या घरी राहू शकतं, पण घरची डॉक्टर ठाण्याहून येऊ शकत नाही. तुझ्या वडिलांना, आमच्या नामाला, हे आवडलं नसतं एवढंच लिहितो. चुलतभाऊ असलो तरी त्याच्या मागे तुझी चौकशी करणारा मीच उरलो आहे.

तुझी पेशंट बरी आहे. हॉस्पिटलात खाटा नाहीत, ऑपरेशननंतर तिला घर हवं, म्हणून तू दोनाताला आमच्याकडे सोडून गेलीस तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसायची. आता ओट्यावर येऊन बसते. तिने सारखं पाणी प्यायला हवं हा तुझा हुकूम, आणि दिव्यात पाणी म्हणजे काय ते तुला ठाऊकच. तुझी काकू टँकरमागे हंडा घेऊन धावते आणि पहिला तांब्या तिच्यापुढे ठेवते. “आमाझी घे गो, आमाझी,” म्हणते. तिच्या भाषेत पाण्याला असं म्हणतात. दोघी काय बोलतात देव जाणे, पण बोलत असतात.

आता आनंदाची बातमी. परवा आमच्या डोंबिवलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन झालं. दोनाताला मी घेऊन गेलो. तिच्यासोबत रवांडाहून आलेली, तिचं बोलणं समजावून देणारी नर्स नेमकी तुझ्याकडे आली होती, म्हणून कसला कार्यक्रम ते दोनाताला सांगायचं राहिलं. तुझ्या काकूने, आवडाने, स्वतःची हिरवी जरीची साडी तिला नेसवली. व्यासपीठावर शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, सगळं रीतसर झालं. मग मी माझी नवी साकी म्हटली:

दूर देशिची लेक कुणाची, दारी माझ्या आली,
रक्त पुसाया पदर पुरेना, अशी वेळ तिज झाली.

पुढे आणखी दहा कडवी आहेत. म्हणताना मला पाचवीचा वर्ग आठवला. दुपारचा तास, खिडकीतून मिठागरावरचा खारा वारा, मी टेबलावर पट्टीने ठेका धरलेला आणि तुम्ही सगळी पोरं एका सुरात डोलत असलेली. तू तिसऱ्या बाकावर. तसा सूर आता कुठल्या शाळेत लागत नाही. परवा मात्र सभागृहात पिन पडली तरी ऐकू आली असती. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

माझा विद्यार्थी उत्तम ‘खाडीवारा’ साप्ताहिक काढतो, त्याने पहिल्याच पानावर फोटो छापला आहे. कात्रण सोबत जोडतो. “रवांडाच्या यादवी युद्धात सैनिकांच्या अत्याचाराला बळी पडलेल्या, तरीही ताठ मानेने उभ्या असलेल्या श्रीमती दोनाता यांचा सत्कार. अत्याचारामुळे झालेल्या शारीरिक इजेवर ठाण्याच्या डॉ. उत्तरा मढवी यांची यशस्वी शस्त्रक्रिया.” तुझंही नाव आलं. त्याचं इंग्रजी करून, फोटोसकट, मी तिच्या गावच्या हॉस्पिटलला रजिस्टरने धाडलं. तिथलं हॉस्पिटल, नॉर्वेच्या डॉक्टरांची ती संस्था आणि तुम्ही, तिघांनी मिळून एवढं काम चालवलं आहे. कौतुकाचे चार शब्द कुणी कळवायला नकोत?

तुझा,
काळुरामकाका

---

नौपाडा, ठाणे,
३१ डिसेंबर १९९६

काका,

नमस्कार. तुमच्याकडे फोन नाही हे आज बरं झालं. फोनवर मी जे बोलले असते ते काकूने ऐकलं असतं.

दोनाताला तुमच्याकडे ठेवताना मी तुम्हा दोघांना ओट्यावर बसवून सांगितलं होतं, की हे कुणालाही बोलायचं नाही. शेजारी नाही, शाळा नाही, कुणी नाही. तुम्ही म्हणालात, “अगं, मी काय गावगप्पा मारणारा माणूस वाटलो का?” काकू काही बोलली नाही, आणि तिने पाळलं. तुम्ही माईक लावून सांगितलंत. साकीत.

हे कशासाठी लपवायचं होतं ते पुन्हा लिहिते, कारण तेव्हा तुमचं लक्ष बहुधा यमक जुळवण्यात होतं. दोनाताचा नवरा युद्धात मारला गेला. मुलगी आहे, सहा वर्षांची. ती सासूकडे आहे. तिकडच्या घरात मुलगी बापाच्या घरची, आणि सासूचा शब्द शेवटचा. सासूचं म्हणणं स्पष्ट आहे: त्या सैनिकांनी जिला हात लावला असेल ती बाई माझ्या मुलाच्या घरात नको आणि माझ्या नातीजवळही नको. दोनाताची लघवी दोन वर्षं थांबत नव्हती. मूत्राशय फाटलं होतं. कशाने फाटलं ते तुम्हाला सांगितलं आहे, पुन्हा लिहीत नाही. सासूला तिने सांगितलं, मुतखडा आहे, परदेशी डॉक्टर काढणार आहेत. सासू म्हणाली, बरी होऊन ये आणि मुलगी घेऊन जा.

एवढ्या एका गोष्टीसाठी ती इथे आली. शाल-श्रीफळासाठी नाही.

जव्हार-मोखाड्यात अडलेल्या बाळंतिणींची फाटलेली मूत्राशयं शिवत शिवत मी हे काम शिकले. म्हणून नॉर्वेच्या लोकांनी आम्हाला विचारलं. आमच्या तिघांच्या करारातली पहिली अट अशी आहे की बाईचं नाव तिच्या परवानगीशिवाय कुठेही जाणार नाही. ती अट तुमच्या घरात मोडली.

पाकीट थांबवायला मी तिथे फॅक्स केला आहे. उद्या दुपारी गाडी येईल. दोनाताला मी परत नेते आहे.

उत्तरा

---

दिवा,
६ जानेवारी १९९७

चि. उत्तरा,

चि. लिहिलं, कारण हाताला सवय आहे.

तुझी गाडी येऊन गेली. गल्लीत बायका जमल्या. दोनाताला काय झालं ते कळेना. ती आवडाच्या गळ्यात पडली आणि आवडा माझ्याकडे अशी पाहत राहिली जणू मीच तिला हाकललं. तेव्हापासून आवडा माझ्याशी बोलत नाही. चहा ठेवते, बशी आपटते, जाते.

आता माझं ऐक. माझ्याच वर्गात बाराखडी गिरवलेली पोरगी मला खडे बोल सुनावते, तेव्हा मलाही चार शब्द बोलायचा हक्क आहे. लाज कुणाची? दोनाताची? तिने कुणाचं काय बिघडवलं? तोंड त्यांनी लपवावं ज्यांनी हे केलं. तुम्ही डॉक्टर मंडळी मात्र तिलाच सांगता, बाई गं, लपव, मुतखडा म्हण. म्हणजे गुन्हा त्यांचा आणि बुरखा हिचा! मी तिला व्यासपीठावर सगळ्यांच्या वर बसवलं. आपल्याकडे माणसाला मान देतात तो असाच देतात. तू शिवलंस ते कातडं. माणूस उभं करावं लागतं ते निराळं काम आहे, आणि ते टाक्यांनी होत नाही.

शिवाय ती हसली. फोटोत पाहा. शाल अंगावर घेतली आणि हसली. नको असतं तर हसली असती?

तू लहानपणी अशी नव्हतीस. कविता म्हणताना तुझे डोळे भरून यायचे. ठाण्याच्या बंद खोल्यांत राहून माणसं सुकतात, दुसरं काय.

काळुराम गोमाजी मढवी

---

नौपाडा, ठाणे,
२१ जानेवारी १९९७

काका,

तिच्या हसण्याबद्दल तुम्ही लिहिलंत, म्हणून मी नर्सला मध्ये बसवून दोनाताला विचारलं. ती म्हणाली, “म्हाताऱ्याच्या घरी लग्न होतं ना? मला साडी नेसवली, नारळ दिला, सगळे टाळ्या वाजवत होते. म्हातारा गात होता. नवरानवरी दिसली नाही, पण मला वाटलं, मागाहून येतील.”

ती तुमच्या घरच्या लग्नाला आली होती, काका. म्हणून हसली.

मग नर्सने कात्रणातला मजकूर माझ्याकडून इंग्रजीत समजून घेऊन तिला ऐकवला. मी नको म्हटलं होतं, पण दोनाता म्हणाली, माझा फोटो आहे, मला कळलं पाहिजे.  ऐकून झाल्यावर तिने शाल घडी घालून टेबलावर ठेवली आणि पुन्हा हात लावला नाही.

फॅक्सचा उपयोग झाला नाही. ज्या डॉक्टरीणबाईंच्या नावाने केला त्या सुटीवर गेल्या होत्या. तुमचं पाकीट कारकुनाने उघडलं. आपल्या गावची बाई परदेशी पेपरात आली म्हणून त्यालाही तुमच्यासारखाच आनंद झाला, आणि त्याने ते सगळ्यांना दिसेल असं दारातल्या फलकावर लावलं. सासूचा भाचा त्याच हॉस्पिटलात गाडी चालवतो.

आम्ही पुढच्या महिन्यात निघतो. मला तिथे चार महिने ऑपरेशनं करायची आहेत आणि तिथल्या दोन डॉक्टरांना हे काम शिकवायचं आहे. दोनाता माझ्याबरोबर आहे. काकूला सांगा, तिची जखम भरली आहे, आता एक थेंब गळत नाही. तुम्हाला सांगायचं काही नाही.

उत्तरा

---

रवांडा,
२ मार्च १९९७

काका,

लिहायचं नव्हतं. दोनाताने लिहायला लावलं आहे.

आम्ही तिच्या सासूकडे गेलो. डोंगराच्या उतारावर घर, भोवती केळी. म्हातारी दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. हातात तुमच्या भाषांतराची घडी. भाच्याने तिला त्यातला शब्दन्‌शब्द समजावून दिला होता. ती ओरडली नाही. म्हणाली, “शेजारी विचारतात. बाजारात विचारतात. मी काय सांगू? कागदावर छापलं आहे.” मुलगी तिच्या मागे उभी होती. दोनाताने हाक मारली तेव्हा म्हातारीने हात आडवा धरला.

आम्ही परत फिरलो. गाडीत मी रडत होते. दोनाता रडत नव्हती. खाली पोचल्यावर तिने जे सांगितलं ते नर्सने मला सांगितलं आणि मी तुम्हाला लिहिते आहे. तिचे शब्द आहेत, माझे नाहीत:

“म्हाताऱ्या बाबाला सांग. मला लाज वाटते म्हणून मी लपवत नव्हते. मला लाज वाटत नाही. मला माझी मुलगी पाहिजे. त्याने छापलं तर आता त्यानेच छापावं की ते खरं नव्हतं. त्याच पेपरात, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, त्याच्या नावाने. त्याने आपल्या डोक्याने रचलं असं लिहावं. माझ्या सासूला लोकांना दाखवायला दुसरा कागद पाहिजे.”

मी तिला म्हटलं, तो म्हातारा हे करणार नाही. ती म्हणाली, तू लिही तर.

लिहिलं.

उत्तरा

---

दिवा,
१८ मार्च १९९७

चि. उत्तरा,

पत्र पोचलं. माझं उत्तर नाही असं आहे.

आयुष्यभर फळ्यावर खडूने जे लिहिलं ते खरं लिहिलं. मुलांच्या प्रगतिपुस्तकात एक गुण खोटा वाढवला नाही, पालक दारात येऊन रडले तरी नाही. आज तू मला सांगतेस, काळुराम मास्तर, पेपरात लिही की मी थापा मारल्या. या खाडीकाठच्या आगरी वस्तीतून शिकून मास्तर झालेला पहिला माणूस मी. डोंबिवलीतली निम्मी माणसं मला रस्त्यात वाकून नमस्कार करतात. त्यांना मी तोंड कसं दाखवू?

आणि माझं राहू दे. खऱ्या गोष्टीचं काय? ते घडलं आहे ना? मग ते घडलंच नाही असं मी छापायचं, म्हणजे त्या नराधमांना माझ्या हाताने मोकळं सोडायचं. हे पाप तू मला करायला सांगतेस आणि वर त्याला दया म्हणतेस. तुझ्या सासवा-सुनांच्या भानगडीसाठी मी इतिहास खोडणार नाही.

तुझं पत्र मी आवडाला वाचून दाखवलं. इतके दिवस मुकी होती, एकदम बोलली:

“लिवून टाका.”

“अगं, माझं नाव जाईल.”

“तुमचा नाव काय मिठान घालून ठेवाचा हाय? सुकटीसारखा टिकवून कोनाला खावाला घालनार?”

“तुला यातलं कळत नाही.”

“मना नाय कलत. मना पोर कलते. ती पोर पायजे म्हनते. तुमी कविता पायजे म्हनता.”

आणि हंडा उचलून टँकरला गेली. घरात माझी ही किंमत. तू तिकडून तेल ओतत राहा.

काळुराम गोमाजी मढवी

---

रवांडा,
२ एप्रिल १९९७

काका,

इतिहासाची काळजी तुम्ही करू नका. युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयाची माणसं इथे येऊन गेली. दोनाताने बंद खोलीत, नाव गुप्त ठेवून, दिवसभर जबानी दिली. कोण होते, कुठल्या गावचे होते, कुणी हुकूम दिला, सगळं. मी बाहेर बसले होते. जिथे सांगायचं तिथे तिने सांगितलं आहे, आणि ते सांगताना तिला तुमच्या टाळ्या लागल्या नाहीत. नराधम तुमच्या ‘खाडीवारा’मुळे फासावर जाणार नव्हते आणि त्याच्यामुळे सुटणारही नाहीत.

तेव्हा उरलं काय? तुमचं नाव. रस्त्यातले नमस्कार. एवढंच लिहायचं होतं तर एका ओळीचं पत्र पुरलं असतं.

तुम्ही म्हणता, आपल्याकडे मान असाच देतात. खरं आहे. माणूस दिसला की आपण शाल घालतो, त्याला हवी की नको ते विचारत नाही. सत्कार नेहमी घालणाऱ्याचाच होतो. माझाही झाला आहे दोनदा, माजिवड्याला. दोन्ही वेळा मला भाषण करणाऱ्यांची नावं आठवतात, त्यांना माझं काम आठवत नसेल.

दर रविवारी दोनाता त्या डोंगराखाली जाऊन उभी राहते. म्हातारी मुलीला अंगणात येऊ देते, खाली येऊ देत नाही. दोघी लांबून एकमेकींकडे पाहतात. मी एकदाच बरोबर गेले. पुन्हा जाणार नाही.

याला उत्तर पाठवू नका. तुमच्या सुंदर अक्षराचा मला आता कंटाळा आला आहे.

उत्तरा

---

दिवा,
२२ एप्रिल १९९७

डॉ. उत्तरा मढवी यांस,

उत्तर पाठवू नका असं तू लिहिलंस म्हणून मुद्दाम पाठवतो आहे. तुझ्या हुकुमाबाहेर वागायचा मला वयाने हक्क आहे.

सोबत ‘खाडीवारा’चा ताजा अंक. पहिलं पान. मजकूर खाली उतरून देतो, कारण उत्तमच्या छपाईत काना-मात्रा गळतात:

“निवेदन. मी, काळुराम गोमाजी मढवी, निवृत्त शिक्षक, राहणार दिवा, असे जाहीर करतो की डिसेंबरच्या अंकात श्रीमती दोनाता यांच्याविषयी जे छापून आले व शाळेच्या संमेलनात मी जी कविता म्हटली, ते सर्व माझ्या मनचे आहे. या बाई मुतखड्याच्या शस्त्रक्रियेसाठी ठाण्यास आल्या होत्या व माझ्या घरी पाहुण्या म्हणून राहिल्या. त्यांनी मला काहीही सांगितले नाही. त्यांची भाषा मला येत नाही. म्हातारपणी आपली कविता गाजावी असे वाटते. ती गाजावी म्हणून मी एका परक्या बाईच्या अंगावर नसलेले दुःख चढवले. संपादकांचा यात दोष नाही.”

इंग्रजी प्रत वेगळी जोडली आहे. तिच्यावर सही केली आहे, साप्ताहिकाचा शिक्काही मारून घेतला आहे. तिकडच्या भाषेत तूच करून घे.

उत्तम छापायला तयार नव्हता. म्हणाला, “सर, काय करताय? लोक तुमची वाट लावतील. माझा पेपर पण झोपेल. त्यापेक्षा मी आतल्या पानावर बारीक टाकतो ना, कोण वाचतंय.” मी म्हटलं, पहिल्या पानावर, फोटो होता तेवढ्याच जागेत. तो म्हणाला, “सर, तुम्हाला बरं नाहीये का?” मी म्हटलं, मला चांगलं बरं आहे, तू टाईप लाव.

लोकांनी आतल्या पानावरचंही वाचलं असतं हे उत्तमला ठाऊक नाही. परवा डोंबिवलीत रिक्षावाल्याने थांबून विचारलं, “काय मास्तर, आता पुढची बाई कुठल्या देशाची? बुकिंग चालू झालं का?” तोही माझाच विद्यार्थी. शाळेने कळवलं आहे की पुढच्या संमेलनाला मी दगदग करू नये. वाचनालयात माझं दर शनिवारचं काव्यवाचन असायचं, तिथे आता बुद्धिबळाच्या स्पर्धा घेणार आहेत. मुख्याध्यापक रस्त्याच्या पलीकडे गेले. पूर्वी ते अलीकडे यायचे.

या सगळ्याने तुझं समाधान झालं असेल. मी अजूनही म्हणतो की तू चुकीची आहेस आणि मी बरोबर होतो. दोनाताच्या पोरीपुढे माझं बरोबर असणं चालत नाही, एवढंच मला दिसलं. तेही तुझ्या पत्राने नाही. आवडा टँकरवरून आली, हंडा उतरवला आणि सवयीने पहिला तांब्या भरून ओट्यावर ठेवला. तिथे कुणी बसलेलं नव्हतं. मी उठून उत्तमकडे गेलो.

यापुढे पत्रव्यवहार नको.

का. गो. मढवी

---

रवांडा,
२६ मे १९९७

काका,

अंक पोचला. इथल्या भाषेत करून आम्ही तो सासूकडे नेला. या वेळी भाच्याला बरोबर घेतलं, त्यालाच वाचायला लावलं. अंगणात शेजारच्या चार बायका मुद्दाम येऊन उभ्या होत्या. म्हातारीने दोनदा वाचून घेतलं. मग कागद हातात घेऊन शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

तिला ते खरं वाटलं का, ते मला सांगता येत नाही. मला वाटतं, खरं मानायचं असं तिने ठरवलं. तिला शेजाऱ्यांपुढे धरायला काहीतरी हवं होतं, आणि तिने ते धरलं, चांगलं उंच धरलं. मग तिने तुम्हाला शिव्या द्यायला सुरुवात केली. तुमच्या वयाला, तुमच्या केसांना, तुमच्या गाण्याला. शेजारणींनी साथ दिली. अंगणभर तुमचा उद्धार चालला होता. आणि शिव्या देता देता तिने मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला दोनाताकडे ढकललं.

मुलीचं नाव ओदेत. ती आता हॉस्पिटलच्या आवारातल्या खोलीत दोनाताजवळ झोपते. तिला खालच्या दाताची खिडकी पडली आहे.

तुमचं निवेदन मी पुन्हा वाचलं. त्यातलं शेवटून दुसरं वाक्य मला खोटं वाटलं नाही. “नसलेले” हा एक शब्द सोडून.

मी जूनच्या अखेरीला परत येते. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, हे लिहून ठेवते म्हणजे गैरसमज होणार नाही. दोनाताला विचारलं, बाबाला काही सांगायचं आहे का. ती म्हणाली, नाही. मग म्हणाली, आवडाबाईला सांग, पोरगी मिळाली. म्हणून हे पत्र आवडाकाकूला वाचून दाखवा. मोठ्याने.

उत्तरा

---

दिवा,
९ जून १९९७

उत्तरा,

वाचून दाखवलं. मोठ्याने. पोरीच्या दाताच्या खिडकीपाशी आवडाने मला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग ती आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी अगोदरच घासलेली होती.

तुझ्या पत्रात एक मोठी उणीव आहे. म्हातारीने मला शिव्या दिल्या असं मोघम लिहून तू मोकळी झालीस. कोणत्या दिल्या? केसांना काय म्हणाली? गाण्याला काय म्हणाली? पाचवीपासून तुला सांगत आलो की तपशिलाशिवाय लिहू नये. दोनाताला विचारून एकेक शब्द अर्थासकट उतरवून आण. मी आयुष्यात पुष्कळ लिहिलं, पण त्यातून लोकांनी घोळका करून, तालात म्हटलं आणि कुणाच्या कामाला आलं असं तेवढंच असेल.

आवडाने तुला जेवायला बोलावलं आहे. खाडीतल्या निवट्यांचं कालवण करणार आहे. मी बोलावलेलं नाही. तू परतलीस की पहिल्या रविवारी सकाळपासून मी उत्तमच्या छापखान्यात असेन, दुपारी यायचा नाही. तेव्हा ये.

का. गो. मढवी